कपाळावरची चंद्रकोर

माझ्या शेजारच्या आजोबांच्या उजव्या भुवईवर एक चंद्रकोर आहे. चार टाक्यांची. ती माझ्यामुळे आली असं मी म्हणतो. ते म्हणतात, "चाप मी ओढला. तू तर तिथे नव्हतासही." गेलं वर्षभर हा वाद अधूनमधून निघतो. दोघंही दोष आपापल्याकडे ओढतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तो निव्वळ सभ्यपणा वाटेल, हॉटेलात बिल कोण देणार यावर चालतो तसा. पण मला अजून त्याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि आता माझ्या कामातल्या काही गोष्टीही त्यात अडकल्या आहेत.

मी ओहायोमध्ये राहतो, सॉफ्टवेअर लिहितो आणि एच-१बी व्हिसावर आहे. व्हिसाचा उल्लेख करायचं कारण आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे आजोबा एका संध्याकाळी हातात लांब काहीतरी घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. ते हसायला लागले. म्हणाले, "घाबरू नकोस, ही बंदूक नाहीच." आणि कायद्याच्या लेखी ते खरं आहे. जिच्यात तोंडाकडून दारू भरायची, जी काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायी दारूवर चालते आणि जिच्यात तयार काडतूस बसत नाही, अशी रायफल फेडरल व्याख्येत पुराणवस्तू ठरते, 'फायरआर्म' ठरत नाही. ही पुराणवस्तू दहाएक वर्षांपूर्वी कारखान्यातून आलेली, स्टेनलेस स्टीलची होती. (मी नंतर कायद्याचा मजकूर स्वतः वाचून काढला. व्हिसावरचा माणूस शेजाऱ्याच्या शब्दावर चालत नाही.)

ही वस्तू मला अगदीच अनोळखी नव्हती. आपल्याकडे हिला ठासणीची बंदूक म्हणतात. कुडाळजवळच्या गावात आईच्या मामांकडे एक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे तिकडे जी बंदूकच नाही, तिला इकडे परवाना लागतो आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावी लागते. मामांची बंदूक रानडुकरांसाठी होती, पण बहुतेक वेळा तिचा नुसता आवाज काढला जायचा. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला ती अंगणात रिकामी धरायला दिली होती आणि म्हणाले होते, "दस्तो खांद्याक घट लाव, नायतर ती तुकाच मारतली." या विषयावर मला मिळालेलं हे पहिलं शिक्षण, आणि वीस वर्षांनी हिशेब मांडून पाहिला तेव्हा त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही सापडलं नाही.

मामांच्या बंदुकीवर नेम धरायला नळीच्या टोकाला एक माशी होती, बस. आजोबांच्या रायफलीवर दुर्बीण होती. ओहायोत जानेवारीच्या सुरुवातीला ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हरणांचा हंगाम असतो आणि तिथे दुर्बीण चालते. आजोबांची जुनी दुर्बीण आतून धुरकट झाली होती. नवीन आणली होती, तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी. पण हात थोडे थरथरतात आणि बारीक स्क्रू दिसत नाहीत. माझ्याकडे सायकलसाठी घेतलेला टॉर्क स्क्रूड्रायव्हर आहे, हे त्यांना माहीत होतं. शिवाय मी इंजिनिअर. आयुष्यभर लेथ आणि मिलिंग मशीनवर काम केलेल्या माणसाने मला इंजिनिअर म्हणून काम सांगावं, याने मी जरा फुललोच.

दुर्बीण बसवणं म्हणजे नुसतं आवळणं नव्हे. प्रत्येक दुर्बिणीला मागच्या भिंगापासून डोळ्यापर्यंतचं एक ठरलेलं अंतर असतं. त्याला आय रिलीफ म्हणतात. या प्रकारच्या दुर्बिणीत ते साधारण साडेतीन ते चार इंच असतं. त्या अंतरावर डोळा असला की चित्र काठोकाठ भरतं. मागे किंवा फार पुढे गेलात की चित्राभोवती काळी कडा दिसायला लागते. हे अंतर डोळ्याच्या सोयीसाठी आहे असं वाटतं, पण रायफलीवर ते डोळ्याच्या सुरक्षेसाठीही आहे. बार उडाल्यावर दुर्बीण मागे येणार आहे आणि तिला यायला जागा हवी.

मी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. ठासणीच्या बंदुकीत याची सुंदर सोय असते: गज नळीत सोडायचा आणि तो किती आत जातो ते पाहायचं. रिकाम्या नळीची खूण गजावर केलेली असते. तिच्यापाशी तो पोचला नाही, तर आत काहीतरी आहे. मग माझ्या स्वयंपाकघरात, टेबलाशी उभा राहून, रायफल खांद्याला लावून, दुर्बीण पुढेमागे सरकवत मी चित्र काठोकाठ भरलेली जागा शोधली. आजोबांनाही एकदा लावून बघायला सांगितलं. ते म्हणाले, "छान दिसतंय." रिंगा पातळीत आणल्या, स्क्रू सांगितलेल्या टॉर्कला आवळले. काम इतकं नेटकं झालं की मी फोटो काढला.

दहा दिवसांनी, डिसेंबरच्या एका शनिवारी ते नेम जुळवायला रेंजवर गेले आणि दुपारी भुवईवर पट्टी घेऊन परत आले. डोळ्यावर संरक्षक चष्मा होता म्हणून डोळा वाचला. कपाळाची कातडी पातळ, तिच्यातून रक्त फार येतं. ते येताना शर्टाची पुढची बाजू भिजवून आले होते. तिथले शिकारी याला स्कोप बाइट म्हणतात, म्हणजे दुर्बीण चावली. जखम अर्धगोल असते, कारण दुर्बिणीचा काठ गोल असतो. हे इतक्या जणांना होतं की त्याचे विनोद आहेत. नवशिक्याला झालं तर लोक टाळ्या वाजवतात. आजोबा पन्नास वर्षं शिकार करत आले होते.

मी रात्रभर जागून हिशेब मांडला. इंजिनिअरला अपराधी वाटलं की तो हिशेब मांडतो. २५० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण १६ ग्रॅम. १०० ग्रेन काळी दारू म्हणजे साडेसहा ग्रॅम. ठासणीच्या बंदुकीत हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: दारूसुद्धा वजनदार असते आणि तीही धूर, वायू आणि काजळी होऊन तोंडातून बाहेर जाते, गोळीपेक्षा जास्त वेगाने. त्या दोघांनी पुढे नेलेला संवेग रायफलीला मागे भरावा लागतो. साडेतीन किलोची रायफल धरली, तर माझ्या ढोबळ गणिताने ती ताशी बारा किलोमीटरच्या आसपास वेगाने मागे निघते. हा सायकलचा वेग झाला. आता सायकल तुमच्या भुवईपासून चार इंचांवर उभी आहे आणि तिथूनच ती एकदम या वेगाने सुटणार आहे, अशी कल्पना करा. चार इंच पार करायला तिला सेकंदाचा तीसावा भाग लागतो. माणसाला काही कळून अंग हलवायला त्याच्या पाचसहा पट वेळ लागतो. म्हणजे बार उडाल्यावर करण्यासारखं काहीच उरत नाही. जे करायचं ते आधी.

आणि आधी काय करायचं, तर मामांनी सांगितलं तेच. दस्ता खांद्याला घट्ट असेल, तर रायफल आणि खांदा मिळून मागे जातात. वजन वाढल्यामुळे वेग लगेच कमी होतो. सैल असेल, तर रायफल मधल्या मोकळ्या जागेत एकटीच वेग घेते आणि मग आदळते. दस्ता नळीच्या रेषेच्या खाली असतो, म्हणून ती मागे येतानाच वरही उचलली जाते, थेट भुवईकडे. दारू कमी भरा: पुष्कळ आधुनिक रायफलींत १५० ग्रेनपर्यंत भरता येते, पण तेवढी भरली तर धक्क्याची ऊर्जा १०० ग्रेनच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि शंभर यार्डांवरच्या हरणाला त्याने काही फरक पडत नाही. उभं राहून मारताना शरीर मागे झुलतं आणि धक्का पोटात घालतं. टेबलावर कोपर टेकून, पुढे वाकून बसलं की शरीराला मागे जायला वाव नसतो.

आजोबा टेबलावर बसले होते. लांबचं लक्ष्य नीट दिसावं म्हणून दुर्बीण नऊ पटींवर होती, आणि अशा बहुतेक दुर्बिणींत पट वाढवले की डोळा ठेवायची जागा अरुंद होत जाते, पुष्कळदा जवळही येते. मी ती तीन पटींवर बसवली होती. त्यांच्या अंगात जाड हिवाळी कोट होता. त्याने दस्ता दोन बोटं पुढे ढकलला. माझ्या अंगात टी-शर्ट होता. कोटामुळे दुर्बीण डोळ्यापासून लांब गेली, चित्राला काळी कडा आली, आणि ती घालवायला त्यांनी नकळत मान पुढे काढली. मान पुढे काढली की दस्त्यावरचा दाब सैल होतो. सगळं एकाच माळेत ओवलेलं.

आमच्या धंद्यात यावर एक जुना विनोद आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय."

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. आजोबा म्हणाले, "पन्नास वर्षं झाली मला. मान पुढे काढायची नाही, हे मला कळायला हवं होतं. चूक माझी." इंग्रजीत त्यांनी दोनच शब्द वापरले: यूजर एरर. त्यांना माझं ओझं हलकं करायचं होतं. पण मला पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं, कारण तीन आठवड्यांपूर्वी हे दोन शब्द मीच टाइप केले होते.

मी ज्या प्रणालीवर काम करतो ती गोदामांतल्या लोकांच्या हातातल्या स्कॅनरवर चालते. एका शीतगृहातून तक्रार आली होती की स्क्रीन फार लवकर लॉक होते आणि पासवर्डचा आकडा पुन्हा पुन्हा चुकतो. मी नोंदी तपासल्या. आकडे खरंच चुकीचे दाबलेले होते. लॉक व्हायची वेळ सुरक्षा धोरणाप्रमाणे होती. मी तक्रारीवर 'यूजर एरर' लिहून ती बंद केली. माझ्या प्रत्येक वाक्याला पुरावा होता. नंतर कळलं की आत तापमान शून्याच्या खाली वीसपर्यंत असतं, लोक जाड हातमोजे घालतात, आणि दर वेळी आकडा दाबायला उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढतात. दिवसातून कित्येकदा. मी ती स्क्रीन तपासली होती पंख्याखाली, कॉफी पीत, मोकळ्या बोटांनी.

सॉफ्टवेअर शिकलेल्या पुष्कळांना थेरॅक-२५ ही गोष्ट माहीत असते. कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने निदान सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, त्यांतले काही त्यामुळे दगावले. आधीच्या यंत्रांत चूक अडवणारी यांत्रिक कुलपं होती. या यंत्रात त्यांचं काम बरंचसं सॉफ्टवेअरवर सोपवलं गेलं. मार्च १९८६मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी अपघात झाला, तेव्हा कंपनीच्या माणसांना तो पुन्हा घडवून दाखवता येईना. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण भाजला. मग तिथल्या भौतिकतज्ज्ञाने आणि ऑपरेटरबाईंनी मिळून बसून शोधलं. बाई रोज हेच काम करायच्या, त्यामुळे त्यांचा हात पटापट चालायचा. चुकून दाबलेलं अक्षर त्यांनी काही सेकंदांत दुरुस्त केलं की स्क्रीनवर एक दिसायचं आणि आत दुसरंच घडायचं. सावकाश टाइप करणाऱ्याला ती चूक दिसायचीच नाही. म्हणजे यंत्र तपासणाऱ्यांच्या हातात ते सुरक्षित होतं आणि ज्याला ते चांगलं येत होतं त्याच्या हातात धोकादायक. कॉलेजात हे वाचताना मी समांतर प्रक्रियांचा प्रश्न म्हणून वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आजोबांच्या पट्टीकडे पाहताना पहिल्यांदा मला त्या बाई आठवल्या. त्यांना नंतर किती जणांनी विचारलं असेल, तुम्ही नक्की काय दाबलंत?

तत्त्वज्ञानात या भावनेला एक नाव आहे. बर्नार्ड विल्यम्सने १९७६च्या सुमारास नैतिक नशिबावर लिहिताना एका लॉरी ड्रायव्हरचं उदाहरण घेतलं: त्याची काहीच चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. आजूबाजूचे त्याला समजावतात, तुझा दोष नाही, आणि ते बरोबरच सांगतात. पण तो ड्रायव्हर लगेच "हो, खरंच नाही" म्हणून मोकळा झाला, तर आपल्याला त्याच्याबद्दल शंका येईल. ज्याच्या हातून घडलं त्याला वाटणारी खंत बघ्याच्या खंतीपेक्षा वेगळी असते, असं विल्यम्सचं म्हणणं. मला ते पटतं, पण माझ्यासाठी ते जरा जास्तच सोयीचं आहे. तो ड्रायव्हर निर्दोष आहे. मी तसा नव्हतो. मी एक प्रश्न विचारला नव्हता: तुम्ही तिथे कसे बसता, अंगात काय असतं?

आजोबांपुढे हे मांडलं तर ते वैतागले. त्यांचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. ते म्हणाले, "मग उद्या मी दारू जास्त भरली तर? त्या दिवशी १५० ग्रेन भरली होती, गरज नसताना. तेही तूच विचारायचं होतं का? माझ्या हातातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या माथी मारली तर मी कोण उरलो?" त्यांना दया नको होती. धक्का सोसणारी लोखंडी चौकट बाजारात मिळते, ती टेबलावर ठेवून रायफल तिच्यात बसवायची. ते ती वापरत नाहीत. म्हणतात, या बंदुकीत एकच बार असतो, दुसरा भरायला अर्धा मिनिट तरी जातो, आणि तो सोडताना काहीच जाणवू नये हे त्यांना बरोबर वाटत नाही. समोरच्या टोकाला हरीण असतं. (मी मासे खाणारा माणूस, हरणाच्या बाबतीत फार बोलण्याचा मला अधिकार नाही, तरी त्या हंगामात त्यांनी देऊ केलेलं मटण मी घेतलं नाही आणि कारणही नीट सांगू शकलो नाही.)

त्यांचं म्हणणं मान्य केलं तरी एक गोष्ट राहतेच. त्यांना त्यांच्या चुकीची खूण मिळाली, आरशात रोज दिसेल अशी. मला माझ्या चुकीची काय मिळाली? मोबाइलमध्ये एक नेटका फोटो. चाप ओढणाऱ्यापर्यंत धक्का सेकंदाच्या तीसाव्या भागात पोचतो. बसवणाऱ्यापर्यंत तो पोचायला दहा दिवस लागले, तेही मी शेजारी राहतो म्हणून. शीतगृहातल्या माणसाचा धक्का तर एका तक्रारीच्या रांगेत येऊन पडला होता आणि मी तो परत पाठवला होता. म्हणून "यूजर एरर" हे कुणी म्हटलं याने फार फरक पडतो असं मला वाटायला लागलंय. आजोबांनी स्वतःबद्दल म्हटलं तर त्यात त्यांचा ताठपणा आहे, पन्नास वर्षांचा अनुभव आहे. मी त्यांच्याबद्दल तेच म्हटलं तर ती पळवाट आहे. वाक्य तेच, वस्तुस्थितीही तीच.

ती तक्रार मी पुन्हा उघडली. काय झालं त्याची फार मोठी गोष्ट नाही: आकड्याऐवजी गळ्यातलं ओळखपत्र स्कॅन करून कुलूप उघडायची सोय केली, त्याआधी एका सकाळी त्या गोदामात हातमोजे घालून दोन तास उभा राहिलो, आणि वरिष्ठांनी एवढं कशाला म्हणून विचारलं तेव्हा बंदुकीचं सांगितलं नाही.

दुर्बीण मात्र आम्ही जानेवारीत पुन्हा बसवली, आणि या वेळी रेंजवर. कोट अंगात, नऊ पट, टेबलाशी बसून आणि मग जमिनीवर पालथं झोपून, कारण पालथं झोपलं की डोकं आणखीच पुढे जातं. आजोबांनी डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल सवयीने टेकेल तिथे टेकायचा आणि मग डोळा उघडायचा. काळी कडा दिसली तर मान हलवायची नाही, मी दुर्बीण हलवायची. चार वेळा केलं. दुर्बीण माझ्या स्वयंपाकघरातल्या जागेवरून थोडी मागे येईल असं मला वाटलं होतं, कडा घालवायला. आजोबांनी ते हाणून पाडलं. पट सहावर आणले, कोटाच्या आत घातलेला दुसरा कोट काढला, दस्त्याचं जाड रबर बदलून पातळ बसवलं, आणि दुर्बीण उलट बोटभर पुढे सरकवली. दारू ८० ग्रेन ठरली. मी पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारली.

मग ते म्हणाले, "आता तू लावून बघ." गज नळीत सोडून त्यांनी मला खूण दाखवली, रिकामी. मी बसलो, दस्ता खांद्याला घट्ट लावला, गाल टेकला, डोळा उघडला. चित्राभोवती काळी कडा होती. ती रायफल माझ्यासाठी बसवलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. दहा मिनिटांपूर्वी मीच ती बसवली होती. तरी लक्ष्य दिसेना आणि मला काही कळायच्या आत माझी मान पुढे गेली होती. कडा नाहीशी झाली. चित्र काठोकाठ भरलं, फार सुंदर दिसत होतं.

कपाळावर एक खरखरीत तळहात आला आणि त्याने माझं डोकं हळूच मागे नेलं.